ग्रामसभेच्या ठरावाने वीजबिल माफ होत नाही

"ग्रामसभेनं ठराव घेतला की घरचं लाइट बिल माफ होते," हे आमच्या यवतमाळ-वर्ध्याकडच्या खेड्यांत पारावर वर्षानुवर्षे ऐकू येतं. ते खरं नाही. विजेचा दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो. ग्रामपंचायत त्यात एक पैसाही कमी करू शकत नाही.

गैरसमजाचं मूळ मला दिवाबत्ती करात दिसतं. घरपट्टीसोबत भरायचा हा कर गावातल्या खांबांवरच्या दिव्यांसाठी असतो, घरच्या मीटरसाठी नाही. २०२४ ची बळीराजा मोफत वीज योजनाही ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांपुरतीच आहे. ठरावानं बिल माफ होईल या भरवशावर ते थकतं आणि ऐन मे महिन्यात लेकराबाळांच्या घरातला कूलर बंद पडतो. हे बघवत नाही.

ग्रामपंचायतीच्या हाती आहे ते मात्र हक्कानं मागा. पथदिवे एलईडी करणं, नळयोजनेचा पंप सौरऊर्जेवर नेणं. त्यानं पाणीपुरवठ्याचा विजेचा खर्च घटतो. पीएम सूर्यघर योजनेत घराच्या छतावरील सौर संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे, आणि गावात बसलेल्या प्रत्येक संचामागे ग्रामपंचायतीला १,००० रुपये प्रोत्साहन ठेवलेलं आहे. असे संच आपल्या गावात किती बसले, हे येत्या ग्रामसभेत ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) विचारा.