आगीतून फुफाट्यात: कारखान्यातले सॉल्व्हंट कसे बदलत गेले

डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ट्रायक्लोरोएथिलीन, म्हणजे टीसीई, टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा नियम जाहीर केला. शंभरेक वर्षं धातूच्या भागांवरचं तेल-ग्रीस काढण्यासाठी वापरलेलं हे सॉल्व्हंट, म्हणजे दुसरे पदार्थ विरघळवून घेणारा द्रव, आलं होतं तेच मुळी ‘सुरक्षित’ म्हणून. पेट घेत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू. सॉल्व्हंटच्या इतिहासात हे वारंवार घडलं आहे: जुन्याचा एक दोष नव्यात नाही एवढंच पाहून नवं निवडायचं, आणि नव्याचे स्वतःचे दोष कामगारांच्या अंगावर उमटल्यावर कळायचे.

सुरुवात कोळशाच्या डांबरापासून. मायकेल फॅरेडेने १८२५ मध्ये बेंझीन वेगळं केलं. चार्ल्स मॅन्सफिल्डने १८४९ मध्ये ते डांबरातून काढण्याची पद्धत बसवली. फेब्रुवारी १८५५ मध्ये लंडनमध्ये नॅफ्था (डांबरातून निघणारा हलका, ज्वलनशील द्रव) ऊर्ध्वपातित करताना भांडं उतू जाऊन पेटलं आणि त्या भाजण्यातच मॅन्सफिल्डचा अंत झाला. बेंझीनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून वर त्याची वाफ पेटू शकते तो बिंदू, उणे ११ अंश सेल्सिअस. म्हणजे बर्फाळ थंडीतही त्याची वाफ ठिणगीची वाट पाहत असते. आगीची ही भीती सगळ्यांना दिसत होती. दुसरी गोष्ट दिसायला वेळ लागला. १८९७ मध्ये स्वीडनमधल्या उप्साला इथल्या सायकल टायरच्या कारखान्यातल्या तरुण कामगार मुलींच्या अंगावर रक्ताचे डाग उठू लागले. रबर विरघळवायला वापरलेल्या बेंझीनने त्यांच्या अस्थिमज्जेतलं रक्त बनवण्याचं कामच बंद पाडलं होतं. तरीही स्वस्त आणि रबर चटकन विरघळवणारं म्हणून बेंझीन गोंदात, विशेषतः चपला-बुटांच्या धंद्यात, पुढची कित्येक दशकं टिकलं. इस्तंबूलच्या चांभारांमध्ये रक्ताचा कर्करोग दिसल्याची नोंद तर १९७० च्या दशकातली आहे.

बेंझीनच्या जागी बऱ्याच ठिकाणी हेक्झेन आलं. रक्ताला धोका नाही, लवकर उडतं, वासही सौम्य. पण १९६० च्या दशकात जपानमध्ये घरोघरी सँडल चिकटवणाऱ्यांच्या पायांत मुंग्या येऊ लागल्या, मग पाय उचलेनासे झाले. शरीरात एन-हेक्झेनपासून २,५-हेक्झेनडायोन तयार होतं आणि ते नसांना इजा करतं. सर्वात लांब नसा पायांच्या, म्हणून त्रास तिथून सुरू होतो. सोबत एमईके (मिथिल एथिल कीटोन हे दुसरं सॉल्व्हंट) असेल तर ही इजा आणखी वाढते, आणि गोंदात व थिनरमध्ये ही जोडी सर्रास सापडते. २००९ मध्ये चीनमधल्या सूचौ शहरात टचस्क्रीन पुसायला अल्कोहोलऐवजी हेक्झेन घेतलं गेलं, कारण ते लवकर वाळतं. लवकर वाळतं म्हणजे लवकर हवेत जातं. शंभराहून अधिक कामगार आजारी पडले.

मग प्रश्न येतो, लातूर-विदर्भातल्या सोयाबीनच्या सॉल्व्हंट प्लांटमध्ये तेल विरघळवून काढायला आजही हेक्झेनच का? त्याचं उत्तर याच इतिहासात आहे. आगीला कंटाळून सोयाबीनचं तेल टीसीईने काढण्याचा प्रयोग खरोखर झाला होता. १९१६ मध्ये स्कॉटलंडमध्ये आणि १९५० च्या सुमारास अमेरिकेत अशी पेंड खाल्लेली जनावरं रक्तस्रावाने मेली. पेंडीतल्या प्रथिनांतल्या सिस्टीन या अमिनो आम्लाशी टीसीईची अभिक्रिया होऊन विष तयार होत होतं. सॉल्व्हंट पूर्ण उडवून लावलं तरी विष पेंडीतच राहायचं. हेक्झेन पेंडीशी अशी अभिक्रिया करत नाही. म्हणून इथे उलटा निर्णय झाला: आग पत्करली आणि यंत्रणा आगीला सांभाळून उभारली.

ती सांभाळायची म्हणजे काय, ते जवळून पाहण्यासारखं आहे. एक्स्ट्रॅक्टरमधून, म्हणजे हेक्झेनने तेल काढणाऱ्या यंत्रातून, निघालेल्या पेंडीत वजनाच्या सुमारे तीस टक्के हेक्झेन असतं. ती डीटीमध्ये, म्हणजे डीसॉल्व्हंटायझर टोस्टरमध्ये, थेट पाण्याची वाफ देऊन शंभर अंशांच्या वर नेतात. हेक्झेन ६९ अंशांना उकळतं, म्हणून ते निघून जातं. बॉयलरचा दाब पडला आणि माल आत सोडणं चालूच ठेवलं, तर हेक्झेनने ओली पेंड कन्व्हेअरवरून थेट गोदामात जाते आणि तिथे हेक्झेनची वाफ सोडत बसते. दुसरी चोरवाट पाण्याची. कंडेन्सरमधून येणारं पाणी आणि हेक्झेन टाकीत वेगळं होतं, हेक्झेन वर तरंगतं. पण खालचं पाणीही गटारात सोडण्याआधी तापवून त्यातलं उरलंसुरलं हेक्झेन काढावं लागतं. १३ फेब्रुवारी १९८१ रोजी अमेरिकेतल्या लुईव्हिल शहरात एका सोयाबीन प्लांटचं हेक्झेन गटारात गेलं. पहाटे वरून जाणाऱ्या मोटारीच्या ठिणगीने भडका उडाला आणि सुमारे तीन किलोमीटरचे रस्ते उखडले. हेक्झेनची वाफ हवेच्या तिप्पट जड. ती वर जात नाही, खड्डा आणि नाली शोधते.

धातूकामात मात्र न पेटणाऱ्यांचाच बोलबाला राहिला. आधी कार्बन टेट्राक्लोराइड: कपडे ड्राय-क्लीन करायलाही तेच आणि हातपंपाच्या पितळी अग्निशामकातही तेच. यकृत बिघडवतं आणि तापलेल्या धातूवर पडलं की फॉस्जीन हा विषारी वायू देतं, हे कळून ते मागे पडलं. मग टीसीई, मग १,१,१-ट्रायक्लोरोएथेन. या शेवटच्याची विषबाधा सौम्य, सगळे खूश. पण ओझोनच्या थराला ते घातक ठरलं आणि १९९० च्या लंडन दुरुस्तीने ओझोन वाचवण्यासाठीच्या माँट्रिअल कराराच्या यादीत गेलं. विकसित देशांत ते १९९६ पासून बंद. त्याच टाकीत जवळपास त्याच तापमानाला चालेल असं एन-प्रोपिल ब्रोमाइड पुढे आलं, आणि फोमच्या गाद्या चिकटवणाऱ्या कामगारांना पुन्हा पायांचा, चालण्याचा त्रास सुरू झाला. चाळीसेक वर्षांत गाडी फिरून सँडलच्या त्याच पायांपाशी आली!

डीग्रीझरची, म्हणजे धातूच्या भागांवरचं ग्रीस काढणारी, टाकी चालते साध्या तत्त्वावर. तळाला सॉल्व्हंट उकळतं (टीसीई ८७ अंशांना), वर थंड पाण्याच्या नळ्या वाफेला अडवतात, मधल्या वाफेत थंड भाग सोडला की त्यावर शुद्ध सॉल्व्हंट जमतं आणि ग्रीस घेऊन ओघळतं. भाग वाफेइतका तापला की ओघळणं थांबतं. तेव्हा काढायचा, आधी नाही. बास्केट मिनिटाला तीन मीटरच्या आसपास, त्याहून जोरात नाही; धसकन सोडली तर पिचकारीच्या दट्ट्यासारखी वाफ बाहेर ढकलली जाते. समोर कूलर लावला तरी तेच. ॲल्युमिनियमचा बारीक चुरा तळाशी साचू दिला की स्टॅबिलायझर (सॉल्व्हंट बिघडू नये म्हणून घातलेलं रसायन) संपतो, आम्ल तयार होतं आणि अभिक्रिया हाताबाहेर जाते. कॉस्टिक सोडा टीसीईत मिसळला तर डायक्लोरोॲसिटिलीन बनतं, ते आपोआप पेटतं. शेजारी वेल्डिंग नको, कारण परत फॉस्जीन. आणि गाळ खरवडायला माणूस टाकीत उतरवण्याआधी टाकी रिकामी करून, हवा खेळवून, तपासून घ्यायची. टीसीईची वाफ हवेच्या साडेचार पट जड असते. ती तळाशी साचून राहते.

आता आग आणि विष या दोन मोजमापांची गल्लत, जी आजही रोज होते. टोल्यूइनची वाफ हवेत १.१ टक्के झाली की पेटू शकते, म्हणजे दहा लाखांत ११,००० भाग. आठ तास श्वासात जाण्याची अमेरिकी औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांची शिफारस २० भागांची. ज्वलनशील वायूचा मीटर सहसा या ११,००० च्या दहा टक्क्यांवर वाजतो, म्हणजे ११०० वर. तोपर्यंत माणूस मर्यादेच्या ५५ पट वाफ ओढत असतो. मीटर शांत आहे म्हणून मास्क काढणाऱ्याने हा हिशेब एकदा कागदावर करावा.

हातमोज्यांचंही तसंच. नायट्राइल रबर हेक्झेनला चांगलं. ॲसिटोनला नाही, तिथे ब्यूटाइल रबर लागतं. पातळ नायट्राइलमधून मिथिलीन क्लोराइड काही मिनिटांत आरपार जातं, आणि कातडीला लागलेलं तसंच आत कोंडून ठेवतं.

भारतात १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याने द्रव हायड्रोकार्बनची वर्गवारी फ्लॅश पॉइंटवर केली: २३ अंशांखाली ‘अ’, २३ ते ६५ ‘ब’, ६५ ते ९३ ‘क’. टोल्यूइन आणि हेक्झेन ‘अ’ मध्ये. विषाची बाजू कायद्यात ठळकपणे आली ती भोपाळनंतर, कारखाना कायद्याच्या १९८७ च्या दुरुस्तीने: हवेतल्या रसायनांच्या मर्यादा आणि कामगाराला धोका सांगण्याची सक्ती. २००० मध्ये सॉल्व्हंट, रॅफिनेट आणि स्लॉप (तेल शुद्धीकरणातून उरणारे द्रव) यांच्या खरेदी-विक्रीवर वेगळा आदेश आला, पण तो पेट्रोल-डिझेलमधली भेसळ रोखायला.

राहिला ड्रम. टोल्यूइन, हेक्झेन वीज वाहत नाहीत, म्हणून ओतताना स्थिर विद्युत साचते. ड्रम आणि बादली दोन्ही धातूची, तारेने एकमेकांना जोडलेली आणि जमिनीला अर्थ केलेली हवीत. क्लॅम्प रंगावर लावला तर न लावल्यासारखाच. त्याचे दात उघड्या पत्र्यात रुतले पाहिजेत. नळी बादलीच्या तळापर्यंत न्यायची आणि तिचं तोंड बुडेपर्यंत वेग सेकंदाला एक मीटरच्या खाली ठेवायचा. रिकामा ड्रम कापून पाण्याचं पिंप करायची आपल्याकडे हौस आहे. भरलेल्या ड्रममध्ये हवा जेमतेम असते. रिकाम्यात तळाचे चार थेंब आणि भरपूर हवा, म्हणजे स्फोटाचं नेमकं मिश्रण. पाण्याच्या वाफेने धुवून मीटरने तपासल्याशिवाय त्याला ग्राइंडर लावू नये.