केळीचं पोटॅश आणि आबांचं हृदय

रावेर-यावलकडच्या शेतकऱ्याला पोटॅशचं महत्त्व सांगावं लागत नाही. केळीचा घड त्याच्यावरच भरतो. त्यातलं पोटॅशियम आपल्या हृदयाचे ठोकेही सांभाळतं. हृदय कमकुवत झालेले आबा पायांवर सूज घेऊन येतात आणि विचारतात, "डॉक्टर, केयं खाऊ का नको?" मी आधी त्यांची गोळ्यांची पिशवी मागतो.

साठ किलोच्या माणसाच्या अंगात सुमारे १२० ग्रॅम पोटॅशियम असतं. त्यातलं ९८ टक्के पेशींच्या आत, बाहेर जेमतेम दोन-अडीच ग्रॅम. या तफावतीवर हृदयाची वीज चालते. ती राखणारा पेशींमधला पंप डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्को यांनी १९५७ साली दाखवून दिला. रक्तातली पातळी लिटरमागे साधारण ३.५ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट हवी. त्याच्या फार खाली किंवा फार वर गेली की ठोके बिघडतात, आणि पुष्कळदा आधी काही जाणवतही नाही.

हृदयाचा जोर कमी पडला की मूत्रपिंडाकडे रक्त कमी पोचतं. अंगातलं पाणीच आटलंय असं समजून शरीर अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) वाढवतं. ते मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीवाटे सोडून देतं. सूज उतरवणारी फ्युरोसेमाइडसारखी लघवीची गोळी ते आणखी घटवते. सोबत डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध असेल तर ही घट जास्तच घातक.

स्पायरोनोलॅक्टोन, रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन या हृदयरोगात दिल्या जाणाऱ्या औषधांचं मात्र उलट: ती पोटॅशियम अडवून ठेवतात. हृदय फार थकलेल्या रुग्णांमध्ये स्पायरोनोलॅक्टोनने मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी घटतो, हे १९९९ साली सिद्ध झालं. पुढे कॅनडातल्या ओंटारिओत ते भराभर दिलं गेलं आणि पोटॅशियम वाढून दवाखान्यात भरती होणारे वाढले. म्हणून हे औषध सुरू केलं की रक्ततपासणी टाळू नये, असं मी आग्रहाने सांगतो.

एका मध्यम केळ्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. मूत्रपिंड धड असेल तर ते सहज बाहेर जातं. मला जास्त काळजी 'कमी सोडियमच्या' मिठाची वाटते. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं, म्हणजे पोटॅशच्या गोणीत असतं तेच. दुखऱ्या गुडघ्यासाठी मनाने घेतलेली डायक्लोफेनॅकही तशीच: ती मूत्रपिंडाला थकवते, पोटॅशियम वाढवते, वर सूजही आणते. आणि मे महिन्यातल्या भुसावळच्या उन्हात उलट्या-जुलाब लागले, तर गोळ्या तशाच चालू ठेवायच्या की थांबवायच्या, हे त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारावं.

आबांचा पोटॅशियमचा रिपोर्ट ५.९ आला, घरचे घाबरले. रक्त सकाळी गावात काढलेलं, लॅबला पोचलं दुपार टळल्यावर. नमुना रखडला किंवा त्यातल्या तांबड्या पेशी फुटल्या की आतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा खोटाच फुगतो. तरी नशिबावर सोडलं नाही. लगेच ईसीजी काढला, ताजं रक्त घेऊन तासाभरात तपासलं. ४.६.

रोज एक केळं खायला मी आबांना हो म्हटलं. पुढची तपासणी पंधरा दिवसांनी.