प्लेटलेट एक लाखाखाली गेल्या की पिशवी चढवायचीच का?

नागपुरात पावसाळ्यात कूलरच्या टाकीत पाणी साचून राहिलं की डेंग्यू येतो. मागोमाग मोबाइलवर तो जुना मेसेजही येतो: ‘प्लेटलेट एक लाखाखाली गेल्या तर ताबडतोब पिशवी चढवा.’ घरचं माणूस तापानं फणफणत असताना हे वाचून कुणीही घाबरेल.

आधी प्लेटलेटचं काम पाहू. अस्थिमज्जेतल्या मोठ्या पेशींचे हे बारीक तुकडे, आयुष्य सात ते दहा दिवसांचं. रक्तवाहिनी फाटली की तिथे चिकटतात, एकमेकींना धरून बूच बनवतात. त्यावर फायब्रिन या प्रथिनाच्या धाग्यांची जाळी विणली जाते. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात त्या १.५ ते ४.५ लाख असतात, म्हणजे गरजेपेक्षा बऱ्याच जास्त. त्यामुळे ५० हजारांवरही आपोआप रक्तस्राव सहसा होत नाही. डेंग्यूत रक्तस्राव नसेल तर साधारण १० हजारांखालीच डॉक्टर पिशवीचा विचार करतात. चढवलेल्या प्लेटलेट तेव्हा फार टिकतही नाहीत.

खरा धोका वेगळा आहे: रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपणं, तेही बहुधा ताप उतरताना. द्रव गेला की रक्त घट्ट होतं, म्हणून रिपोर्टमध्ये प्लेटलेटसोबत हिमॅटोक्रिटची (पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) ओळ रोज पाहा. ती चढत असेल, पोट दुखत असेल, उलट्या थांबत नसतील किंवा हिरड्यांतून रक्त येत असेल, तर लगेच दवाखाना गाठा. प्लेटलेट लाखावर असल्या तरी.

पुढे प्लेटलेटचा आकडा आपणहून चढतो. श्रेय मात्र पपईच्या पानांना मिळतं.