नाव एक म्हणून पत्रा एक नसतो

‘गाडीचं नाव तेच असलं की जुन्या बाजारातला बोनेट-फेंडर (फेंडर म्हणजे पुढच्या चाकावरचा पत्रा) कुठल्याही वर्षाचा बसतो’, हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. त्यात तथ्य अगदीच नाही असं नाही. एकाच पिढीतल्या गाड्यांचे पत्रे बरेचदा जुळतात, म्हणून तर लोकांचा विश्वास बसला.

पण स्विफ्ट घ्या. आपल्याकडे ती 2005 साली आली, मग 2011, 2018 आणि 2024 मध्ये पूर्ण बदलली. नाव तेच, सांगाडा वेगळा. 2010 चा दरवाजा 2012 च्या गाडीला बसणार नाही. उलट मारुतीची बलेनो आणि टोयोटाची ग्लांझा, नावं दोन, पण दरवाजे सारखेच! म्हणजे बघायची ती पिढी. फेसलिफ्ट, म्हणजे त्याच पिढीत वरवरचा बदल, झाली असेल तर दरवाजे बहुधा तेच राहतात. बंपर, ग्रिल, कधी बोनेटही बदलतं.

खात्री कशी करायची? आरसीवरचा चेसिस नंबर कंपनीच्या पार्ट काउंटरवर दिला की पार्ट नंबर मिळतो. विकणाऱ्याच्या गाडीचाही तसाच काढून ताडून बघा. जमलं तर आपला चेपलेला फेंडर सोबतच न्या आणि बोल्टची भोकं, हेडलाइटची कड एकावर एक धरून पाहा. पत्रा लोखंडी असेल तर त्यावर लोहचुंबक फिरवा; मध्येच पकड सैल झाली तर खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे.

रंगाचा कोड जुळला तरी उन्हानं उडालेली छटा जुळेलच असं नाही, तेव्हा पेंटरचे पैसे धरूनच भाव करा.