वाघ आला कुठनं? नोंदी उलट्या वाचण्याची पार्श्वभूमी

बेळगावच्या खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीकडं पट्टेरी वाघ दिसला की पहिला प्रश्न असतो, 'हा आला कुठनं?' प्राणी मोजण्याच्या शास्त्राला हा प्रश्न मात्र उशिरा पडला.

खुणा करून सोडलेले प्राणी पुन्हा पकडायचे, ही पद्धत डेन्मार्कच्या पीटरसनने 1896 मध्ये माशांसाठी मांडली. 1930 मध्ये लिंकनने ती अमेरिकेतल्या रानबदकांना लावली. दोघांनाही संख्या हवी होती. 1964-65 मध्ये कॉर्मॅक, जॉली आणि सेबर यांनी त्याच नोंदींतून जगण्याचं प्रमाण काढलं. प्राणी मेला की नुसता नजरेतून सुटला, हा घोळ त्यामुळं मिटला.

1974 मध्ये केनेथ पोलॉक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की नोंदी शेवटाकडून मागं वाचल्या तर गणित तेच राहतं. जिथं मरण मोजत होतो तिथं आगमन मोजलं जातं. समजा, एका वाघाची पाच वर्षांची नोंद 0 1 0 1 1 आहे (1 म्हणजे त्या वर्षी कॅमेऱ्यात फोटो मिळाला, 0 म्हणजे नाही). दुसऱ्या आणि चौथ्या वर्षी फोटो आहे, म्हणजे तिसऱ्या वर्षीही तो जिवंत होताच. सरळ वाचताना पहिलं शून्य वाया जातं. उलट वाचताना तेच महत्त्वाचं ठरतं: तेव्हा तो होता आणि कॅमेऱ्यात सापडला नाही, की आलाच नव्हता? बाकीच्या वाघांच्या नोंदींवरून ही शक्यता काढता येते.

1996 मध्ये फ्रान्सच्या रॉजे प्राडेलने दोन्ही दिशा एकत्र आणल्या, आणि मला हे काम फार देखणं वाटतं. गेल्या वर्षीच्या वाघांपैकी 80 टक्के टिकले आणि यंदाच्या वाघांत जुने 75 टक्के असले, तर 0.80 भागिले 0.75, म्हणजे सुमारे 1.07. एकूण संख्या न मोजताच सात टक्के वाढ कळते.

कर्नाटकात उल्हास कारंत आणि जेम्स निकोल्स यांनी पट्ट्यांनाच खुणा मानलं. नागरहोळेत 1991 ते 2000 मध्ये 74 वाघ ओळखले गेले. वर्षभर टिकण्याचं प्रमाण सुमारे 0.77 निघालं.

बेळगाव भागात ही उलटी दिशा जास्त मोलाची आहे. 2011 मध्ये अभयारण्य झालेल्या भीमगडच्या दक्षिणेला काळी व्याघ्र प्रकल्प, पश्चिमेला गोव्याचं म्हादई अभयारण्य आणि उत्तरेला महाराष्ट्राचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. नवा वाघ इथंच जन्मला की बाहेरून आला, हे एकट्या उलट्या वाचनातून कळत नाही. त्यासाठी वय हवं, किंवा शेजारच्या रानातला जुना फोटो. म्हणून तिन्ही राज्यांचे फोटो एकत्र जुळवलेच पाहिजेत. शिवाय कॅमेऱ्यांचं क्षेत्र मध्येच वाढवू नये. वाढवलं, तर पलीकडं आधीपासून राहणारे वाघही नव्यांत धरले जातात.