नेस्टेड लूप

संगणकाच्या कार्यक्रमात त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणारी रचना म्हणजे लूप, आणि नेस्टेड लूप म्हणजे एका लूपच्या पोटात लिहिलेला दुसरा लूप. बाहेरच्या लूपची एक फेरी सुरू झाली की आतला लूप पहिल्यापासून शेवटपर्यंत चालतो. तो संपल्यावरच बाहेरचा लूप पुढच्या फेरीला लागतो, आणि त्या फेरीत आतला लूप पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. तक्ता छापणे, चित्रातला प्रत्येक पिक्सेल तपासणे, मॅट्रिक्सचा (ओळी-स्तंभांत मांडलेल्या आकड्यांचा) गुणाकार, यादीतल्या प्रत्येक नोंदीची बाकीच्या नोंदींशी तुलना, अशी कामे या रचनेने होतात.

ही कल्पना इलेक्ट्रॉनिक संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. चार्ल्स बॅबेज यांनी कल्पिलेल्या गणनयंत्रावर, म्हणजे अ‍ॅनालिटिकल इंजिनवर एडा लव्हलेस यांनी १८४३ मध्ये ज्या टिपा प्रसिद्ध केल्या, त्यांत पुन्हा पुन्हा होणाऱ्या क्रियांच्या गटाला त्यांनी ‘चक्र’ म्हटले आणि ‘चक्राचे चक्र’ही सांगितले. ते यंत्र कधी पुरे झाले नाही, पण एकात एक लूप कागदावर तेव्हाच आला होता. १९५७ मध्ये आलेल्या फोरट्रान या प्रोग्रामिंग भाषेत डू लूप एकात एक लिहिता येत, आणि दोन-तीन लूप एकाच ओळीवर संपवण्याचीही मुभा होती. कोणता लूप कुठे संपतो हे वाचणाऱ्याने ओळखायचे! ही सवलत पुढे फोरट्रानच्या मानकातून काढून टाकली गेली.

चालते कसे

ओळ = १ ते ३ :
    घर = १ ते ४ :
        (ओळ, घर) छापा

या कार्यक्रमात पहिल्यांदा ‘ओळ’ १ होते आणि ‘घर’ १, २, ३, ४ असे चालते. मग ‘ओळ’ २ होते, ‘घर’ पुन्हा १ वर येते. म्हणून छपाई (१,१), (१,२), (१,३), (१,४), (२,१) या क्रमाने होते आणि (३,४) वर थांबते. आतला आकडा भराभर पळतो, बाहेरचा सावकाश सरकतो. छापण्याची ओळ लिहिली एकदाच, पण चालली ३ × ४ म्हणजे १२ वेळा. नवशिके बहुतेकदा ३ + ४ करून ७ म्हणतात; तसे धरले म्हणजे दोन लूप एकाखाली एक आहेत असे मानल्यासारखे होते.

खरी मेख ‘पुन्हा १ वर येते’ या शब्दांत आहे. फॉर लूपमध्ये, म्हणजे ठरलेल्या आकड्यांवरून किंवा यादीवरून क्रमाने चालणाऱ्या लूपमध्ये, हे आपोआप घडते, त्यामुळे तिकडे कुणाचे लक्ष जात नाही. व्हाइल लूपमध्ये, म्हणजे अट खरी असेपर्यंत चालणाऱ्या लूपमध्ये, मात्र ते स्वतः लिहावे लागते. समजा ‘घर = १’ ही ओळ बाहेरच्या लूपच्याही वर लिहिली. पहिल्या फेरीत चार जोड्या नीट छापल्या जातात आणि ‘घर’ ५ होते. दुसऱ्या फेरीत आतला लूप अट तपासतो, ५ हे ४ पेक्षा मोठे असल्याने आत शिरतच नाही. तिसऱ्या फेरीतही तेच. १२ ऐवजी ४ जोड्या छापून कार्यक्रम निमूट संपतो, चूक झाल्याचा संदेशही येत नाही. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत हीच चूक वेगळ्या रूपात भेटते: बाहेर एक यादी आणि आत एक उघडलेली फाइल फिरवली, तर पहिल्याच फेरीत फाइल शेवटापर्यंत वाचून होते आणि पुढच्या फेऱ्यांना तिच्यातून काहीच मिळत नाही.

एकात एक दोन लूप असले की कोडची कुठलीही ओळ लिहायला तीन जागा मिळतात: दोन्हींच्या वर, दोन्हींच्या मध्ये किंवा अगदी आत. वरची ओळ एकदाच चालते, मधली बाहेरच्या प्रत्येक फेरीला एकदा, आतली दर खेपेस. मधल्या जागेचा विसर सगळ्यात जास्त पडतो. दोन ओळींच्या तक्त्यात २, ३ आणि ४, १ हे आकडे आहेत आणि प्रत्येक ओळीची बेरीज हवी आहे असे धरू. ‘बेरीज = ०’ मध्ये लिहिले तर उत्तरे ५ आणि ५ येतात. तीच ओळ वर लिहिली तर ५ आणि १० येतात, कारण पहिल्या ओळीची बेरीज दुसरीत मिसळते. अगदी आत लिहिली तर ३ आणि १, म्हणजे प्रत्येक ओळीतला फक्त शेवटचा आकडा हाती राहतो. उत्तर चुकले की आधी ती ओळ या तीनपैकी कुठे बसली आहे ते पाहावे.

आतल्या लूपची मर्यादा

आतल्या लूपची सुरुवात किंवा शेवट बाहेरच्या आकड्यावर टांगता येतो. पाच जणांनी एकमेकांशी एकदाच हस्तांदोलन करायचे असेल तर आतला लूप बाहेरच्या आकड्याच्या पुढच्या आकड्यापासून सुरू करायचा. मग ४ + ३ + २ + १ + ० अशा १० जोड्या होतात. दोन्ही लूप १ ते ५ चालवले असते तर २५ जोड्या झाल्या असत्या. त्यांत प्रत्येक जोडी दोनदा आली असती आणि प्रत्येकाने स्वतःशीही हात मिळवला असता. ‘न’ वस्तूंसाठी जोड्यांची संख्या न(न−१)/२ असते.

मधूनच बाहेर पडणे

‘ब्रेक’ दिला की फक्त ज्या लूपमध्ये तो लिहिला आहे तो थांबतो. तक्त्यात हवी ती नोंद सापडली म्हणून आतून ब्रेक केले, तरी बाहेरचा लूप पुढची ओळ शोधायला निघतोच. जावामध्ये बाहेरच्या लूपला लेबल (नाव) देऊन त्यातून बाहेर पडता येते, पीएचपीमध्ये ‘ब्रेक २’ लिहिता येते, सी भाषेत काही जण त्यासाठी ‘गोटू’, म्हणजे कोडमधल्या दुसऱ्या जागी थेट उडी मारण्याची आज्ञा, वापरतात. पायथनमध्ये लेबलाची सोय आणण्याचा प्रस्ताव २००७ मध्ये नाकारला गेला. कोणत्याही भाषेत सोपा पडणारा मार्ग म्हणजे दोन्ही लूप एका फंक्शनमध्ये (नाव दिलेल्या कोडच्या तुकड्यात) ठेवून नोंद सापडताच ‘रिटर्न’ करणे, म्हणजे त्यातून परतणे; त्याने कोडही वाचायला सुटसुटीत होते.

वेळ आणि मेमरी

प्रत्येक लूप हजार वेळा चालत असेल तर दोन लूपांत आतली ओळ १० लाख वेळा चालते, तीन लूपांत १०० कोटी वेळा. हजार ओळी आणि हजार स्तंभांच्या दोन मॅट्रिक्सचा नेहमीच्या पद्धतीने गुणाकार करताना नेमके तेवढेच गुणाकार होतात. फोल्कर श्ट्रासेन यांनी १९६९ मध्ये त्याहून कमी गुणाकारांची रीत दाखवली. मात्र लूपांचे थर मोजून वेळ ठरवणे धोक्याचे आहे. आतला लूप कायम १० वेळाच चालत असेल तर दोन थर असूनही काम माहितीच्या प्रमाणातच वाढते. उलट, एकाच लूपमध्ये ‘हे यादीत आहे का’ अशी साधी दिसणारी ओळ असेल तर ती तपासणी स्वतःच यादीभर फिरते. तोही एक आतला लूपच, फक्त दिसत नाही. एक लाख नोंदींत कोणती नोंद दोनदा आली आहे हे प्रत्येक जोडी तपासून पाहायचे तर सुमारे ५०० कोटी तुलना होऊ शकतात. पाहिलेली प्रत्येक नोंद हॅश टेबलमध्ये (यादीभर न फिरता नोंद शोधता येते अशा साठ्यात) ठेवत गेल्यास एका लूपमध्ये काम भागते.

लूपांची अदलाबदल केली तर फेऱ्यांची संख्या तीच राहते, वेग मात्र बदलू शकतो. सी भाषेत तक्त्याची एक पूर्ण ओळ मेमरीत सलग असते. प्रोसेसर मेमरीतून एकदम एक तुकडा उचलतो. तो बऱ्याच प्रोसेसरांत ६४ बाइटचा असतो, म्हणजे चार बाइटचे १६ आकडे. ओळीने चालले तर हे सोळाही कामी येतात. मोठ्या तक्त्यात स्तंभाने चालले तर एकच वापरला जातो आणि बाकीचे वापरायच्या आत हटवले जाण्याची शक्यता असते. फोरट्रानमध्ये स्तंभ सलग असतात, त्यामुळे तिथे लूपांचा क्रम उलटा ठेवावा लागतो.