सोसायटीचा पूल सोलरवर गरम करायचाय? आधी रात्री काय उडून जातं ते बघा

ठाण्यात स्विमिंग पूल गरम करायचा म्हटलं की समोरचा आधी हसतोच, अरे इथे एप्रिलमधे नळाचं पाणी अंगावर घेववत नाही आणि तुला पूल तापवायचाय. पण डिसेंबर-जानेवारीत सकाळी सहाला घोडबंदर रोडच्या कुठल्याही सोसायटीत डोकावून बघा, पूल चकाचक, दिवे चालू, लाइफगार्ड स्वेटर घालून खुर्चीत आणि पाण्यात चिटपाखरू नाही. मेंटेनन्स मात्र बाराही महिने तेवढाच. मग कोणीतरी मीटिंगमधे विषय काढतं की गच्चीवर सोलर बसवूया, पाणी फुकट गरम होईल, आणि लगेच कोटेशन मागवली जातात.

कोटेशन मागवायच्या आधी जरा हिशोब करू, कारण ह्यात मजा हिशोबातच आहे.

पाणी गार आहे म्हणजे नक्की किती गार? जानेवारीत ठाण्याचा पारा पहाटे १५-१७ पर्यंत उतरतो, दुपारी परत ३० ला जातो, आणि पूलचं पाणी ह्या दोन्हीच्या मधे कुठेतरी २२-२४ ला अडकून बसतं. २३ डिग्रीची हवा आपल्याला एकदम मस्त वाटते पण २३ डिग्रीचं पाणी हुडहुडी भरवतं, कारण पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट चांगलं उष्णतावाहक आहे, अंगातली ऊब ते भराभर ओढून घेतं. स्पर्धेच्या पूलला २५ ते २८ डिग्री चालतं कारण ती मुलं जोरात हातपाय मारत असतात, पण आजी-आजोबा आणि बालवाडीतली पोरं आरामात उतरायची असतील तर २८ ते ३० पाहिजे. म्हणजे आपल्याला चढवायचे आहेत फक्त पाच-सहा डिग्री. ऐकायला किरकोळ वाटतं ना?

समजा पूल १० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल आहे. पाणी झालं ६०,००० लिटर. एवढं पाणी एक डिग्रीने तापवायला साधारण ७० युनिट उष्णता लागते, युनिट म्हणजे आपलं विजेच्या बिलावरचंच युनिट. सहा डिग्री म्हणजे ४२० युनिट. पण हे एकदाच लागतात, एकदा तापलं की तापलं. खरा खर्च तो नाहीच, खरा खर्च आहे तापवलेलं पाणी रोज रात्री जे गमावतं तो.

आणि गमावतं कसं, तर मुख्यतः वाफ होऊन. उघड्या पूलची जेवढी उष्णता जाते त्यातली सुमारे ७० टक्के नुसत्या बाष्पीभवनाने जाते, बाकीची आकाशाकडे उत्सर्जन होऊन, थोडी वाऱ्याने आणि अगदी थोडी भिंतीतून, जमिनीतून. पूल म्हणजे एक अवाढव्य माठच आहे. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं त्याच कारणाने पूलही गार होतो, फक्त माठाच्या बाबतीत आपण खूश असतो. एक लिटर पाणी वाफ होऊन उडालं की जाताना ते एवढी उष्णता घेऊन जातं की मागे उरलेलं साधारण ५८० लिटर पाणी एक डिग्रीने गार होतं!! आपल्या ५० चौरस मीटरच्या पूलवरून दिवसभरात फक्त ४ मिलिमीटर पाणी उडालं असं धरा, म्हणजे नखाच्या रुंदीच्या आतच, कोणाच्या लक्षातही येणार नाही. तर ते २०० लिटर झालं, आणि त्यासोबत गेले सुमारे १३५ युनिट, म्हणजे जवळजवळ दोन डिग्री. रोज.

आता ह्यात आपल्या हवेचा एक खास भाग आहे. वाफ किती होणार हे ठरतं पाण्यालगतचा बाष्पदाब आणि हवेतला बाष्पदाब ह्यांच्यातल्या फरकावर. जुलैतल्या दमट रात्री हवा आधीच पाण्याने भरलेली असते, २८ डिग्रीच्या पाण्यावरूनही फारसं काही उडत नाही. पण जानेवारीत रात्री जमिनीकडून उत्तर-ईशान्येचा कोरडा वारा येतो, हवा १८ डिग्रीची, आणि तेव्हा त्याच २८ डिग्रीच्या पाण्यावरून, वारा सारखाच धरला तर, जुलैच्या साधारण चौपट वाफ होते. आणि अजून एक गंमत, पाणी जितकं जास्त तापवाल तितकी वाफ वाढते. जानेवारीच्या त्याच रात्री २४ च्या जागी २८ डिग्रीचं पाणी ठेवलं तर बाष्पीभवन साधारण दीडपट होतं. म्हणजे तुम्ही पैसे टाकून उष्णता घालणार आणि पूल ती अजून जोरात बाहेर टाकणार.

म्हणून माझं म्हणणं असं की ठाण्यात पूल गरम करायचा प्रश्न उन्हाचा नाहीचे, झाकणाचा आहे. ऊन आपल्याकडे हिवाळ्यातही भरपूर आहे, पावसाळ्यापेक्षा जास्तच, आकाश स्वच्छ असतं. दर चौरस मीटरला दिवसाला साधारण ५ युनिट धरायला हरकत नाही. आणि सर्वात मोठा सोलर पॅनल तुमच्याकडे आधीपासून आहे, तो म्हणजे पूलचा स्वतःचा पृष्ठभाग! उन्हातला इन्फ्रारेड भाग पाणी वरच्या थरातच शोषून घेतं, निळा-हिरवा प्रकाश खाली टाइल्सपर्यंत जातो, त्यातला बराचसा तिथे शोषला जातो आणि थोडा परत वर येतो (गडद टाइल्सचा पूल जरा जास्त तापतो तो म्हणूनच). दिवसभर हे फुकट चालू असतं. फक्त रात्री सगळं उधळलं जातं.

पूलवर टाकायचं बबल कव्हर मिळतं, पॅकिंगच्या बबलवाल्या प्लास्टिकचा जाड भाऊ. बबल खाली, पाण्याकडे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचं म्हणणं आहे की कव्हर वापरलं तर पूल गरम ठेवायचा खर्च ५० ते ७० टक्के कमी होतो, वरून भरावं लागणारं पाणी ३० ते ५० टक्के वाचतं आणि क्लोरीनचाही खर्च उतरतो. आपल्या हिशोबात ५० टक्के धरले तरी नुसत्या वाफेतले रोजचे साधारण ७० युनिट वाचले, म्हणजे एक डिग्री, एकही पॅनल न लावता. कव्हर घेताना लोक हमखास काळं मागतात, काळं जास्त तापतं म्हणून. तापतं खरं पण कव्हर तापतं, पाणी नाही, बरीचशी ऊब वरच्या वरच हवेत जाते. दिवसा टाकून ठेवायचं असेल तर पारदर्शक किंवा फिकट निळं घ्या, ऊन त्यातून आत पाण्यात जाऊ दे. फक्त रात्रीच टाकणार असाल तर रंगाने काही फरक पडत नाही. आणि एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका, हे कव्हर म्हणजे सुरक्षेचं झाकण नाही. लहान मूल त्यावर पाय ठेवून थेट आत जाईल आणि वरून दिसणारही नाही, त्यामुळे पूलचं फाटक बंद हवं म्हणजे हवंच.

बरं, कव्हर झालं, आता पॅनल. इथे एक गोष्ट बहुतेकांना पटत नाही ती म्हणजे पूलसाठी साधा काळा प्लास्टिकचा पॅनल काचेच्या महागड्या सिस्टिमपेक्षा बरा पडतो. आपल्या डोळ्यासमोर सोलर म्हटलं की बाथरूमचा सोलर येतो, काचेच्या ट्यूबा आणि वर टाकी. काचेचं काम उष्णता अडकवायचं. जिनिव्हाच्या सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने अठराव्या शतकात काचेचे थर लावलेली पेटी उन्हात ठेवली तर आत पाणी उकळण्याच्या वर तापमान गेलं होतं, तिथपासून हे माहिती आहे. पण ते हवं कधी, तर पाणी बाहेरच्या हवेपेक्षा बरंच जास्त गरम करायचं असेल तेव्हा. बाथरूमला ६० डिग्री लागतं, हवा २५-३०, मोठा फरक, म्हणून काच आणि व्हॅक्यूम पाहिजे. पूलला लागतंय २८, आणि ठाण्यात भर जानेवारीत दुपारी हवाच ३० असते! मग उष्णता पळणार कुठे? उलट काच थोडं ऊन परावर्तित करते तेवढं नुकसानच. त्यामुळे गच्चीवर बिनकाचेच्या काळ्या प्लास्टिकच्या किंवा रबराच्या बारीक नळ्यांच्या चटया टाकायच्या आणि फिल्टरच्याच पंपाने पूलचं पाणी त्यातून फिरवायचं, इतकं सोपं आहे. येऊरच्या बाजूला माकडं येतात तिथे काच नसलेलीच बरी. शिवाय तांब्याच्या पाइपवाल्या पॅनलमधून पूलचं पाणी थेट फिरवलं आणि पाण्याचा पीएच जरा घसरला की तांबं विरघळायला लागतं, टाइल्सवर निळे-हिरवे डाग पडतात, पांढऱ्या केसांवर हिरवट झाक येते, आणि मग कमिटीला कोण तोंड देणार?

किती पॅनल लागतात? साधारण नियम आहे पूलच्या पृष्ठभागाच्या निम्म्यापासून ते तेवढ्याच क्षेत्रफळापर्यंत. आपण ३५ चौरस मीटर धरू, दक्षिणेकडे तोंड करून, हिवाळ्यासाठी ३०-३५ अंश कलते. दर मीटरला ५ युनिट ऊन, त्यातलं कंजूषपणे निम्मंच पाण्यात उतरलं असं धरलं तरी दिवसाला ८७ युनिट, म्हणजे सव्वा डिग्री. आता हे वर कव्हरने वाचवलेल्या ७० युनिटच्या शेजारी ठेवून बघा, आणि दोन्हीची कोटेशनपण शेजारी शेजारी ठेवा.

बसवल्यावर पहिल्याच दिवशी एक तक्रार येते, की पॅनलमधून परत येणारं पाणी हाताला जेमतेम कोमट लागतंय, सिस्टिम चालत नाही. चालतेय, अशीच चालायला पाहिजे. चांगल्या प्रवाहात पाणी एका फेरीत दोन-तीन डिग्रीच वर येतं, पण ते दिवसभर हजारो लिटर फिरत असतं. कोणीतरी हुशारी करून वॉल्व अर्धा बंद करतो, पाणी गरम येतं, सगळे खूश, पण आता पॅनल जास्त तापलाय आणि जास्त ऊब हवेला देतोय, पूलला मिळणारी एकूण उष्णता कमीच झाली. ह्यासाठीच दोन सेन्सर लावायचे, एक पॅनलला आणि एक पूलच्या पाण्याला, पॅनल चार-पाच डिग्री जास्त असेल तरच वॉल्व उघडेल. नाहीतर ऑपरेटर रात्रीही पंप चालू ठेवणार आणि दिवसभर कमावलेलं गच्चीवर जाऊन सांडणार.

आता ठाण्याची खरी अडचण. हे सगळं खारघरच्या रो हाउसला किंवा बदलापूरकडच्या फार्महाउसला झकास आहे. पण आपल्या टॉवरवाल्या सोसायट्यांमधे पूल असतो पोडियमवर, दोन-तीन टॉवरच्या मधे खड्ड्यात बसल्यासारखा. २२ डिसेंबरला भर दुपारीसुद्धा ठाण्यात सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४७ अंश वर येतो, म्हणजे दक्षिणेला १०० मीटरचा टॉवर असेल तर त्याची सावली बारा-साडेबारालाही ९० मीटरपर्यंत पडते. पूल सावलीत, क्लबहाउसची गच्ची सावलीत. आणि ऊन कुठे आहे तर तिसाव्या मजल्यावर! तिथपर्यंत पूलचं पाणी चढवायचं? शंभर मीटर उंचीचं पाणी खालच्या पाइपात दहा बारचा, म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण दहापट, दाब देतं, त्या प्लास्टिकच्या चटया आणि फिल्टरचा पंप ह्यासाठी बनलेलेच नाहीत.

पाणी वर जात नसेल तर वीज खाली आणा. टॉवरच्या गच्चीवर साधे वीजवाले सोलर पॅनल आणि खाली पूलजवळ हीट पंप. हीट पंप म्हणजे उलटा एसी, बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात टाकतो, आणि आपल्याकडे हवा उबदार असल्यामुळे एक युनिट वीज खाऊन पाच युनिटच्या आसपास उष्णता देतो. पॅनल उन्हाची साधारण २० टक्के वीज करतो, त्याला पाचने गुणा, हिशोब परत तिथेच येतो, जवळजवळ सगळं ऊन पाण्यात!! मघाचे ८७ युनिट मिळवायला हीट पंपला १७-१८ युनिट वीज लागेल, ती साडेचार किलोवॉटचे पॅनल रोज आरामात देतात, जागाही ३५ मीटरपेक्षा कमी लागते. आणि मला ह्यात सगळ्यात पटतं ते हे की पूल तापवायची गरज आपल्याला नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी मध्य एवढीच. काळ्या चटया उरलेले नऊ-साडेनऊ महिने नुसत्या उन्हात वाळत पडतात, वीजवाले पॅनल मात्र तेव्हा लिफ्ट आणि जिन्यातल्या दिव्यांचं बिल कमी करत राहतात, नेट मीटरिंग (जास्तीची वीज ग्रिडला देऊन बिलातून वळती करायची सोय) असेल तर जास्तीचे युनिटही वाया जात नाहीत. फक्त हीट पंप दुपारी चालवा, तेव्हा हवा गरम असते म्हणून तो कमी वीज खातो, आणि सूर्य मावळायच्या सुमाराला बंद करून कव्हर ओढा.

कव्हर ओढणार कोण हाही प्रश्न आहेच. ५० चौरस मीटरचं ओलं प्लास्टिक एकट्या माणसाने पहाटे गोळा करणं म्हणजे शिक्षा आहे, दोन आठवडे करेल आणि मग ते कोपऱ्यात पडून राहील. त्यामुळे गुंडाळायचा रोलर कव्हरसोबतच घ्या, त्यात पैसे वाचवू नका. जास्त डोसचं क्लोरीन टाकलं असेल त्या रात्री कव्हर लावू नका, अडकलेलं क्लोरीन प्लास्टिक खातं. आणि होळी झाली की काढून सावलीत ठेवून द्या, कारण मे महिन्यात पूलचं पाणी ३१-३२ ला जातं आणि तेव्हा ज्या बाष्पीभवनाला जानेवारीभर शिव्या दिल्या तेच हवं असतं, रात्री पूल उघडा ठेवायचा आणि कारंजं असेल तर तेही चालू ठेवायचं.